गुडघा बदलायचा ठरला, पण मनगटांचं काय?

आमच्या घराला गुडघ्याचं ऑपरेशन नवीन नव्हतं. २०१४ साली सासूबाईंचे दोन्ही गुडघे बदलले, तेव्हा त्या ७१ वर्षांच्या होत्या. तिसऱ्या आठवड्यात त्या काठी टेकत स्वयंपाकघरात येऊन कुकर लावायला लागल्या. त्यामुळे माझी वेळ आली तेव्हा सगळ्यांना वाटलं, यातलं सगळं आपल्याला माहीत आहे. माझं वय ५२, म्हणजे त्यांच्या तेव्हाच्या वयापेक्षा जवळजवळ वीस वर्षांनी कमी, तेव्हा मला तर सोपंच जाईल असा घरातल्या सगळ्यांचा हिशेब होता. तो चुकला. त्यांचे गुडघे वयानं झिजले होते, माझे आमवातानं खाल्ले होते. या दोन्हीला नाव एकच, ‘नी रिप्लेसमेंट’, पण तयारी वेगळी आणि नंतरचे दिवसही वेगळे. आधी हे कुणी सांगितलं असतं तर माझे तीन महिने आणि बराच त्रास वाचला असता, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मला आमवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, झाल्याचं २००४ साली कळलं. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. सकाळी तिच्या युनिफॉर्मची बटणं लावताना बोटं मिटायचीच नाहीत. दहा-साडेदहाला हात मोकळे व्हायचे, तोवर सगळी कामं दातांनी नाहीतर कोपरांनी. रक्ताच्या तपासण्या झाल्या, आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या आमवात ओळखायच्या दोन्ही तपासण्या पॉझिटिव्ह आल्या, आणि आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी सुरू झाली ती आजपर्यंत. जोडीला फॉलिक ॲसिड, एचसीक्यू (हायड्रॉक्सिक्लोरोक्विन) आणि मध्ये मध्ये कमी-जास्त होत पाच मिलिग्रॅमवर थांबलेलं प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड.

या आजारात आपलीच प्रतिकारशक्ती सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटते. अस्तर सुजतं, जाड होतं आणि हळूहळू कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, खात जातं. वयानं गुडघा झिजतो तेव्हा बहुतेकदा आतली बाजू आधी जाते आणि पाय धनुष्यासारखे बाहेर वाकतात, सासूबाईंचे तसेच होते. माझे गुडघे उलट एकमेकांवर आपटायचे आणि पावलं बाहेर फेकली जायची. शिवाय उजवा गुडघा पूर्ण सरळ होणंच बंद झालं. झोपले की गुडघ्याखाली मूठ सहज जाईल एवढी पोकळी राहायची.

आम्ही सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर राहतो. जुनी इमारत, लिफ्ट नाही, ५४ पायऱ्या. मी एका कॉलेजच्या ऑफिसात हिशेब बघते. शेवटच्या दोन वर्षांत मी सकाळी एकदा उतरायची आणि संध्याकाळी एकदा चढायची, मधे काही विसरलं तर ते विसरलेलंच राहायचं. रात्री कूस बदलताना गुडघा असा कळ मारायचा की हे उठून दिवा लावायचे. गुडघ्यात इंजेक्शनं झाली. पहिल्याचा गुण चार महिने टिकला, दुसऱ्याचा सहा आठवडे. शेवटी माझ्या संधिवाताच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, “आजार मी औषधांनी आवरीन, पण गेलेली कूर्चा मला परत आणता येणार नाही. आता सर्जनना भेटा.”

इथे पहिली चूक झाली. ज्या हॉस्पिटलमध्ये आधी नाव घातलं, तिथे ऑपरेशनच्या महिनाभर आधी संधिवाताच्या सगळ्या गोळ्या बंद करायला सांगितलं. जंतुसंसर्ग नको म्हणून, असं कारण दिलं. ते मला पटलंही, कारण या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती दबते हे वाचलेलं होतं. मॅडमना न विचारता मी गोळ्या बंद केल्या. सतराव्या दिवशी उजवं मनगट सुजलं, विसाव्या दिवशी दोन्ही खांदे धरले, आणि पंचविसाव्या दिवशी मला स्वतःची वेणी घालता येईना. सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणारी रक्ताची तपासणी, इतकं वाढलं की ठरलेली तारीख रद्द झाली. पूर्वपदावर यायला मला अडीच-तीन महिने लागले.

मॅडम रागावल्या नाहीत, पण बराच वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी नीट समजावलं. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या आणि सांधेरोपण करणाऱ्या सर्जनांच्या संघटनांनी २०१७ साली मिळून याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२२ साली त्या सुधारल्या. मेथोट्रेक्सेट, एचसीक्यू, सल्फासॅलाझीन, लेफ्लुनोमाइड यांसारखी औषधं गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी सहसा थांबवायची नाहीत, असं त्या सूचना सांगतात. थांबवतात ती बायोलॉजिक इंजेक्शनं, म्हणजे प्रतिकारशक्तीचा नेमका एखादा भाग अडवणारी नवी औषधं. त्यांचा एक डोस संपून पुढचा यायची वेळ होते, तेव्हाची तारीख धरतात आणि जखम भरल्यावर ती पुन्हा सुरू करतात. टोफासिटिनिबसारख्या गोळ्या थोडे दिवस आधी बंद करतात. स्टेरॉइड रोजचं जेवढं असेल तेवढं चालू ठेवतात, मनानं ते एकदम सोडणं तर धोक्याचंच. हे मी त्यांच्या तोंडचं सांगते आहे, तुमच्या गोळ्यांचा निर्णय तुमच्या डॉक्टरांनीच घ्यायचा. पण सर्जन आणि संधिवाताचे डॉक्टर एकमेकांशी बोलल्याखेरीज एकही गोळी बंद करू नका, एवढं मी हात जोडून सांगेन.

मॅडमनी दुसऱ्या सर्जनचं नाव सुचवलं आणि माझ्यासमोर फोन लावून त्यांच्याशी बोलल्या.

या सर्जननी पहिल्या भेटीत गुडघ्याकडे पाहिलंच नाही. “ताई, आधी चपला काढा,” म्हणाले. माझी पायाची बोटं आमवातानं वर वळली आहेत, त्यामुळे चवड्याखाली जाड कुरूप झालं होतं आणि त्याला भेग होती. खाली वाकून, मोबाईलची बॅटरी लावून त्यांनी ती भेग पाहिली. म्हणाले, “ही भरल्याशिवाय मी तारीख देणार नाही. इथून जंतू शिरला तर तो नव्या सांध्यापर्यंत जाऊ शकतो.” आमवात असलेल्यांना नव्या सांध्यात जंतुसंसर्ग व्हायचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा स्पष्ट कळलं. मग सहा आठवडे रोज रात्री पाय धुऊन, पुसून मलम लावायचं काम यांनी केलं. त्याच काळात एक किडलेली दाढ काढली आणि लघवीची तपासणी दोनदा केली.

आणि मानेचा एक्स-रे काढला. गुडघ्यासाठी मान कशाला, असं मुलीनं विचारलंच. जुन्या आमवातात मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधले बंध सैल होऊ शकतात. भूल देताना नळी घालायची वेळ आली आणि मान जास्त पुढे-मागे हलली, तर मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. म्हणून मान पुढे वाकवून एक आणि मागे नेऊन एक, असे एक्स-रे काढतात. माझे मणके थोडे सरकलेले निघाले, ऑपरेशन अडेल इतके नाहीत. पण भूलतज्ज्ञांना ते आधी माहीत होतं, याचा मला फार आधार वाटला. वीस वर्षांचा आमवात असेल आणि मानेचा एक्स-रे कुणी सुचवला नसेल, तर आपण होऊन विचारा.

सांधा कोणता बसवायचा यावर घरी बरीच चर्चा झाली. हल्ली गुडघ्याचा फक्त झिजलेला भागही बदलतात, ते करता येईल का, असं भावानं विचारलं. आमवातात ते उपयोगाचं नाही, कारण आजार सगळ्या अस्तराचा असतो आणि उरलेला भागही पुढे जातोच. त्यामुळे पूर्ण सांधा, आणि वाटीच्या मागची बाजूही. किमतीची धास्ती होती, पण ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारनं गुडघ्याच्या सांध्यांच्या कमाल किमती ठरवून दिल्या. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याला तेव्हा जीएसटी सोडून ५४,७२० रुपये ही मर्यादा घातली गेली. त्याआधी सासूबाईंच्या वेळी नुसत्या सांध्यालाच किती मोजले होते हे आम्हाला चांगलं आठवत होतं.

मी एकच विचारलं, मांडी घालून बसता येईल का? पुण्यातल्या सर्जनना हा प्रश्न रोजचाच असणार. आपल्या लोकांच्या बसण्या-उठण्याचा विचार करून डॉ. के. एच. संचेती यांनी ‘इंडस’ नावाचा सांधा इथे पुण्यातच विकसित केला होता. माझ्या सर्जननी मात्र आशा लावली नाही. ऑपरेशनआधी गुडघा जेवढा वाकतो त्यावरच नंतर तो किती वाकणार हे बरंचसं ठरतं, आणि माझा जेमतेम ८५ अंश वाकत होता. “मांडी विसरा. खुर्चीतून आपलं आपण उठाल आणि जिना चढाल, हे मी बघतो,” म्हणाले. मला तेवढंच हवं होतं.

२०२३च्या फेब्रुवारीत उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सकाळची स्टेरॉइडची गोळी घोटभर पाण्याबरोबर दिली. भूल कमरेतून. मानेखाली कापडाची छोटी मऊ गुंडाळी ठेवली आणि भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ माझ्या डोक्याशी उभे होते. गुंगीतही हातोडीचे ठोके ऐकू येत होते. दुखत काहीच नव्हतं, फक्त ठोक्यागणिक सगळं अंग टेबलावर हलत होतं. दीड तासात बाहेर आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिजिओथेरपीची मुलगी आली. “काकू, आज उभं राहायचं. वॉकर घट्ट धरा आणि हातांवर भार घ्या.”

पलंगाच्या कडेला बसून मी वॉकर धरला. म्हणजे धरायला गेले. माझी बोटं करंगळीच्या बाजूला वळलेली, अंगठा आत पडलेला, वॉकरच्या दांड्याभोवती मूठ मिटेना. तशीच तळव्यानं रेटून उठले, आणि सगळा भार मनगटांवर येताच डावं मनगट खटकन् दुमडलं. त्या मुलीनं कमरेला धरलं म्हणून मी पडले नाही. नवा गुडघा उभं राहायला तयार होता, पण मनगटं तयार नव्हती. पावलं, दात, मान, रक्त, लघवी, सगळं तपासून झालं होतं. पण वॉकर हातांनी धरायचा असतो, हे मी धरून कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. मला रडू आलं. सासूबाई शेजारच्या खुर्चीत होत्या. त्या उठून आल्या, माझी बोटं आपल्या हातात घेतली आणि त्या मुलीला म्हणाल्या, “हिला हातांनी नाही जमायचं. दुसरं काही असेल तर आणा.”

होतं. त्याला प्लॅटफॉर्म वॉकर म्हणतात. दांड्यांच्या जागी दोन गादीच्या पन्हाळ्या असतात, त्यांत कोपरापासून मनगटापर्यंत हात ठेवायचे आणि वेल्क्रोच्या पट्ट्यांनी बांधायचे. भार पुढच्या हातांवर येतो, मनगट आणि बोटं मोकळी राहतात. हॉस्पिटलमध्ये तो नव्हता. यांनी आणि भावानं रुग्णसाहित्य भाड्यानं देणाऱ्या चार दुकानांत चौकशी केली, संध्याकाळी मिळाला. आमवाताच्या माणसाला वॉकर त्याच्या हातांचं माप घेऊन, ऑपरेशनच्या आधी द्यायला हवा आणि त्यावर चार दिवस चालवून बघायला हवं. माझा एक अख्खा दिवस पलंगावर गेला.

पाचव्या दिवशी घरी सोडलं, पण ५४ पायऱ्या तेव्हा शक्य नव्हत्या, म्हणून महिनाभर कोथरूडला भावाकडे राहिले. तिथे लिफ्ट आहे. वहिनीनं पलंगाच्या पायांखाली लाकडी ठोकळे घातले, खुर्चीवर जास्तीची गादी टाकली आणि कमोडला वरून उंच सीट बसवली, म्हणजे उठताना तळव्यांवर रेटायला नको. वेदनाशामक गोळ्यांची पाकिटं मला फोडता येत नाहीत, ती सकाळीच फोडून वहिनी वाट्यांमध्ये वेळेप्रमाणे मांडून ठेवायची.

व्यायाम सगळ्यांना असतात तेच होते. घोटा हलवायचा, मांडी आवळून गुडघा खाली दाबायचा, टाच गादीवरून सरकवत आणायची. ही टाच सरकवायला पावलात टॉवेल अडकवून तो दोन्ही हातांनी ओढायला सांगतात. इथे पुन्हा मूठ आडवी आली. मग वहिनीनं एका जुन्या सुती ओढणीच्या दोन्ही टोकांना मोठे फासे शिवले. त्यांत हात कोपरापर्यंत घालायचे आणि खांद्यानं ओढायचं. नंतर ती फिजिओथेरपीची मुलगी त्याचा फोटो काढून घेऊन गेली. गुडघ्याखाली उशी मात्र ठेवू दिली नाही. उशीवर बरं वाटतं, पण गुडघा वाकलेल्या अवस्थेतच आखडतो, आणि माझा तर आधीच तसा आखडलेला होता. टाचेखाली गुंडाळी ठेवून गुडघा अधांतरी सोडायचा, दहा मिनिटं. ती दहा मिनिटं संपता संपत नसत.

टाके काढून आठवडा होतो न होतो तोच एका पहाटे जाग आली ती दोन्ही मनगटं, खांदे आणि डावा गुडघा ठणकत असताना. अंग गरम होतं. नव्या सांध्यात पू झाला, हाच विचार पहिल्यांदा आला आणि अंगाला कापरं भरलं. सात वाजता सर्जनना फोन केला. त्यांनी लगेच बोलावलं, जखम दाबून पाहिली, रक्त तपासलं. जखम कोरडी होती, लाली नव्हती, ऑपरेशनचा गुडघा बाकीच्या सांध्यांपेक्षा शांत होता. तो आमवाताचा भडका होता. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत असा भडका बऱ्याच जणांना उठतो, हे मॅडमनी नंतर सांगितलं. थोडे दिवस औषध वाढवून तो शमला. पण घरी बसून आपणच ठरवायचं नाही. जखमेतून पाणी येणं, लाली पसरणं, ताप, एकाएकी वाढलेलं दुखणं, पोटरी सुजणं यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

जिन्याचा पहिला धडा कोथरूडला झाला. नियम सगळ्यांना शिकवतात, चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. मी विचारलं, माझा चांगला पाय कोणता? डावा गुडघा तितकाच गेलेला होता. फिजिओथेरपीची मुलगी जरा थांबली. मग आम्ही दोन्ही तऱ्हा करून पाहिल्या आणि पाचव्या आठवड्यापासून मी नव्या पायानंच चढायला लागले. कठडा मुठीत धरता येत नाही, म्हणून त्यावर कोपरापासूनचा हात टाकायचा आणि अंग त्यावर तोलायचं. सहाव्या आठवड्यात सदाशिव पेठेत परतले. ५४ पायऱ्या चढायला २२ मिनिटं लागली, प्रत्येक मजल्यावर शेजाऱ्यांनी खुर्ची टाकून ठेवली होती.

डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन जुलैमध्ये केलं. दोन्ही एकदम करतात काही जण, माझ्या हातांनी आणि त्वचेनं ते झेपलं नसतं असं सर्जनचं मत होतं आणि मलाही ते पटलं. या वेळी वॉकर आठवडाभर आधी घरात आणला होता.

आता उजवा गुडघा १०५ अंश वाकतो, डावा १००, आणि दोन्ही पूर्ण सरळ होतात. पाय सरळ झाल्यावर माझी उंची दोन बोटं वाढली असं मुलगी म्हणते. जमिनीवर बसत नाही. आमवात आहे तिथेच आहे, सोमवारची मेथोट्रेक्सेट चुकत नाही, थंडीत बोटं अजून आखडतात. पण रात्री कूस बदलताना दिवा लावावा लागत नाही. मंडईत जाते आणि भाजी स्वतः निवडून घेते. पिशवी मनगटावर लटकवत नाही, खांद्याला लावते.

दुसरा वॉकर आम्ही विकतच घेतला होता. गेल्या महिन्यात मॅडमच्या दवाखान्यात एक बाई भेटल्या, पर्वती पायथ्याजवळ राहतात, पंधरा वर्षांचा आमवात, पुढच्या महिन्यात ऑपरेशन. मी त्यांना म्हटलं, जरा हात दाखवा. त्यांचा अंगठा माझ्यासारखाच आत पडलेला. रविवारी हे आणि मी वॉकर घेऊन त्यांच्या घरी गेलो. पन्हाळीची उंची कोपर काटकोनात राहील अशी लावायची असते. आधी जास्त वर झाली, त्यांचे खांदे कानांना लागले. यांनी स्क्रू सैल करून दोन भोकं खाली घेतली. त्यांनी हात ठेवले, मी पट्ट्या बांधल्या, आणि त्या स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाऊन परत आल्या. मनगटं दुखली का, विचारलं. नाही म्हणाल्या, आणि पुन्हा दारापर्यंत निघाल्या.